समाजाची नाडी, 10 गुणांसाठी

डिसेंबरात गूगल वर्षभराच्या शोधांची यादी जाहीर करतं आणि उपक्रमशील शिक्षकांना स्फुरण चढतं. ‘मुलांनो, यादी वाचा, समाजाची नाडी ओळखा!’ 2023 साली भारताच्या घडामोडींच्या यादीत चांद्रयान-3 अव्वल होतं. विज्ञानाच्या बाईंचा ऊर भरून आला. त्याच वर्षी ‘कसं करावं’च्या यादीत यूट्यूबवर पहिले 5000 फॉलोअर मिळवण्याचा प्रश्नही होता. तो अभ्यासक्रमाबाहेरचा ठरला. 2024 ला एकूण शोधांच्या यादीत आयपीएल पहिली आली, तेव्हा उपक्रम पीटीच्या सरांकडे गेला.

खरा धडा गणिताच्या तासाचा आहे. ही यादी सर्वाधिक शोधलेल्या गोष्टींची नसतेच. आदल्या वर्षापेक्षा ज्यांनी मोठी उसळी घेतली, त्यांची असते. गूगल ट्रेंड्सचा आलेखही 0 ते 100 असा सापेक्ष. तिथले 100 म्हणजे शंभर शोध नव्हेत. पण एवढ्या खोलात शिरायला गुण कुठे आहेत? निरीक्षणाला 2, निष्कर्षाला 3, सजावटीला 5. साऱ्या वर्गाच्या वह्यांत निष्कर्ष एकच, स्वल्पविरामासकट: ‘भारतीय समाज जिज्ञासू, चौकस व स्वतंत्र विचारांचा आहे.’