टॉवरकाका

रस्ता खणला की सोसायटीतले सगळे महापालिकेच्या नावाने बोटं मोडतात. टॉवरकाका तेवढे खूश होतात. पायांत स्लिपर, हातात दुधाची पिशवी, नाकावर वाचायचा चष्मा अशा थाटात ते चराच्या कडेला उकिडवे बसतात आणि फायबर केबलच्या काळ्या आवरणावर छापलेलं कंपनीचं नाव अक्षर लावून वाचतात. नाव आपल्या पोर्टफोलिओतलं निघालं, तर खोदणाऱ्यांना चहा. दुसऱ्या कंपनीचं निघालं, तर "काम काही खरं नाही हो," असा शेरा.

असे काका हल्ली सोसायटीगणिक एक तरी सापडतात. आमचे काका टेलिफोन खात्यातले. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लागायचा त्या काळात लोक त्यांना वाकून नमस्कार करत. २०२०मध्ये त्यांनी बीएसएनएलची व्हीआरएस घेतली आणि मिळालेला पैसा पुन्हा तारा-टॉवर बनवणाऱ्यांच्याच शेअरांत घातला. बँकेतली एफडी त्यांना भित्र्या माणसाचं लक्षण वाटते.

त्यांची श्रद्धा जुनी आहे. २०००च्या सुरुवातीला, शेअरदलाल केतन पारेखचे 'के-टेन' शेअर आभाळाला टेकले होते, तेव्हा "इंटरनेट घराघरांत येणार" असं बजावून त्यांनी त्यातला हिमाचल फ्युचरिस्टिक घेतला. इंटरनेट घराघरांत आलं. २००१मध्ये पारेख अटकेत गेला आणि शेअर रसातळाला. काकूंनी २०००मध्येच भिशीच्या पैशांतून पाटल्या केल्या होत्या. त्या पाटल्यांची आजची किंमत हा विषय त्या घरात कुणी काढत नाही.

जग कुठे चाललंय हे काकांना दहा वर्षं आधी कळतं. त्यातला पैसा कुणाच्या खिशात चाललाय, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

२७ सप्टेंबर २०२५ला ओडिशात झारसुगुड्याला पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं लोकार्पण केलं, ९७,५००हून जास्त टॉवर. त्यातली रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, म्हणून काकांनी पेढे वाटले. पेढा तोंडात टाकताना काकूंनी विचारलं, "मग तुमचा शेअर सव्वा वर्षापूर्वीच्या निम्म्यावरही का नाही?" प्रश्नात दम होता. टॉवर एकदाच उभा राहतो. ऑर्डर संपली की पुढची येईपर्यंत कारखान्याने करायचं काय? जून २०२५च्या तिमाहीत त्या कंपनीचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ८७ टक्क्यांनी घटलं होतं. काका म्हणाले, "गावोगावी फायबर न्यायचं भारतनेट आहे ना अजून! एक लाख एकोणचाळीस हजार कोटी!" रक्कम त्यांनी अशा सुरात सांगितली, की घरी कधी पोचती होते एवढंच विचारायचं राहिलं.

फारच कोंडीत पकडलं तर ते नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोला साक्षीला बोलावतात. मार्च २०००मध्ये जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी, सुमारे ८० डॉलरचा भाव; २००२मध्ये तोच आठ-नऊ डॉलर. जुना उच्चांक पुन्हा गाठायला डिसेंबर २०२५ उजाडला.

"आला की नाही परत?"

"काका, पंचवीस वर्षांनी!"

"मग? पीपीएफ पंधरा वर्षांचा असतोच ना!"

काकांनी आता साठी ओलांडलीय.

गेल्या सर्वसाधारण सभेत एका मोबाइल कंपनीचा प्रस्ताव आला होता : गच्चीवर टॉवर लावू, दरमहा भाडं देऊ. आम्ही सगळ्यांनी आशेने काकांकडे पाहिलं. काका उठले आणि तब्बल अर्धा तास रेडिएशनवर बोलले. प्रस्ताव बारगळला. समोरच्या सोसायटीने तो झेलला, तिथला मेंटेनन्स कमी झाला, आणि आमचे टॉवरकाका आता जिन्यात गाठून प्रत्येकाला ऐकवताहेत, "बघा! मी म्हणत नव्हतो, टॉवरमध्ये पैसा आहे म्हणून?"