पडताळणीकर

मेंदूच्या एमआरआयवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत एक तरी पडताळणीकर असतातच. पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या मज्जातंतूंचं झगझगीत चित्र उमटतं, पाहुणे ‘वा!’ म्हणतात, आणि मागच्या खुर्चीतून आवाज येतो, "कशावरून?"

"यंत्रानं तंतू पाहिलेच नाहीत. पाणी कुठल्या दिशेनं जास्त पसरतं, तेवढंच मोजलं. रेघा तुम्ही ओढल्यात!" मग हिशेब सुरू. व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठोकळा, दोन मिलिमीटरचा; तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एकेका व्हॉक्सेलमध्ये लाखो तंतू, तेही आडवेतिडवे. आणि साधी टेन्सर पद्धत मुख्य दिशा सांगणार एकच!

"एफए, म्हणजे पाण्याच्या पसरण्याचा एका दिशेकडचा कल, घटला, म्हणजे तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलं," असं कुणी नवखा बोलला, की त्याचं काही खरं नाही. पडताळणीकर लगेच गारफिश मासा काढतात. त्याच्या घ्राणतंतूंवर मायलिन नसतं, तरी पाणी तिथं लांबीच्याच दिशेनं जास्त पसरतं. हे 1994 सालीच दाखवून झालंय. नवखा चहा अर्धा टाकून उठतो.

बाजारात ते अ‍ॅस्परॅगसची जुडी उजेडात धरून एकेक देठ निरखतात. वाकडा नको, सुकलेला नको. भाजीवाल्याला वाटतं, गिऱ्हाईक दर्दी आहे. देठ जातात नळीत, नळी स्कॅनरमध्ये. देठातल्या नलिका उभ्या असतात हे आधीच ठाऊक, म्हणून यंत्राची परीक्षा घेता येते. सूप मात्र घरी कधीच होत नाही.

2017 साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. तंतूंचे 25 जुडगे ठाऊक असलेला कृत्रिम डेटा 20 गटांना दिला होता. खरे जुडगे बहुतेकांना सापडले, पण खोटे त्याहून कितीतरी जास्त! त्या दिवशी पडताळणीकरांनी पेढे वाटले.

मग सूक्ष्मदर्शकाखालच्या कापांवर तरी विश्वास? छे! "ऊतक प्रक्रियेत आक्रसतं. शिवाय मेलेल्या मेंदूत पाणीही मंदावतं." मग खरं मानायचं काय? "दोन वेगळ्या खोटारड्यांची साक्ष जुळली, की निबंध पाठवायचा."

माणूस वैताग आहे. पण शस्त्रक्रियेआधी सर्जन असाच नकाशा समोर ठेवतात, तेव्हा ‘कशावरून?’ विचारणारा एक जण पगारावर असलेलाच बरा.