कोऱ्या रकान्याचे गुण

आमच्या मावळात वजनाचं महत्त्व कुणाला शिकवावं लागत नाही. कागदावर महिने बारा, पण लोणावळ्याच्या पावसाची बेरीज मांडायची तर जुलै-ऑगस्टपुढे फेब्रुवारीला कोण विचारतो? कॉलेजात यालाच वेटेज म्हणतात आणि ते ठरवायला समिती लागते. कॉलेजचं नाव सांगत नाही; लोकलच्या टप्प्यात आहे, एवढं पुरे. समितीत मीही आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019च्या पॅटर्नमध्ये 70 गुण विद्यापीठाचे, 30 कॉलेजचे. पास व्हायला त्यातले 12 हवेत. या इंटर्नलचा आमचा हिशेब सोपा होता. आधी पेन्सिलीने बेरीज लिहायची, मग ती जुळेल असे गुण शाईने भरायचे. यंदा सगळं मूडल या संगणकीय प्रणालीवर गेलं. त्याचा कारभार उलटा: आधी गुण मागतं, बेरीज स्वतःच करतं.

समितीने चाचणीला 50 दिले, स्वाध्यायाला 20. प्रकल्पाच्या मॅडम 40च्या खाली उतरेनात. बेरीज 110. मूडलने हूं की चूं केलं नाही. भारित सरासरी काढताना ते वजनांच्या बेरजेनेच भागतं, मग ती 100 असो की 110. ज्येष्ठांना वाटलं, मंजुरी मिळाली.

पहिली यादी निघाली. कामशेतहून लोकलने येणारी एक मुलगी: स्वाध्याय 10पैकी 7, चाचणी 20पैकी 14, प्रकल्प 10पैकी 7. तिला 30पैकी 21. आणि एक चिरंजीव, ज्यांचं सत्र बहुधा भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गेलं. एकच स्वाध्याय दिला, 9 मिळवले. चाचणी नाही, प्रकल्प नाही. त्यांना 27!

कोरा रकाना हिशेबात धरू नये, अशी खूण मूडलमध्ये आधीपासूनच असते. सत्र चालू असताना ते रास्तच. न झालेल्या चाचणीचं शून्य कुणाच्या माथी मारायचं? पण सत्र संपल्यावर, जे दिलंच नाही तिथे शून्य भरायचं काम मास्तरचं. पर्जन्यमापक सांभाळणारा हे रोज करतो: पाऊस नसेल तर 0, मोजायलाच गेला नसेल तर जागा कोरी. आम्हाला सुचलं नाही.

खूण काढली. चिरंजीव 27वरून 4.9वर घसरले, आणि त्यांच्यामागोमाग निम्मा वर्ग.

“अहो, कॉलेजचा निकाल बघा!” प्राचार्य म्हणाले. तेव्हा हजेरीलाही वजन द्यायचं ठरलं. किती? गणिताच्या सरांनी उत्तराकडून प्रश्नाकडे येत आकडा काढला: 45. चिरंजीवांचे मित्र इमानी, हजेरी शंभर टक्के. हिशेब 12.19. पास!

मुलीचे मात्र 21चे 20 झाले. आमच्याकडे हजेरी पहिल्याच तासाला घेतात, आणि पावसात लोकल रखडली की तिचा तोच तास बुडायचा. हजेरी 60 टक्के.

“सर, माझा एक गुण कुठे गेला?” ती विचारायला आली.

मी तिला अर्ज करायला सांगितलं. छापील नमुना आहे. त्यात कारणासाठी रकाना आहे. तो कोरा सोडला तरी चालतो.