खंड्याच्या नाकातलं बिऱ्हाड

काकी, जरा गडग्याजवळ या बघू. अशा लांबून ओरडून सांगण्यासारखं नाही ते. आणि हातातली कोयती खाली ठेवा आधी, पडवळाचा वेल काय पळून जात नाही.

गेले आठ-दहा दिवस आमच्या खंड्याला शिंका येत होत्या, तुम्ही ऐकल्याच असतील. तुम्हीच म्हणालात, पावसाची दमट हवा आहे, ओव्याचा धूर दे. दिला. सगळं घर शिंकलं, आमच्या ह्यांना रात्रभर खोकला, खंड्या मात्र जसाच्या तसा. मंगळवारी सकाळी लादीवर रक्ताचे थेंब. एकाच नाकपुडीतून, डाव्या. माझ्या पोटात गोळाच आला. थांबा, पण मुळापासून ऐका, नाहीतर मजा जाईल.

आम्ही आंबोलीला गेलो होतो ना त्या रविवारी? तुम्हीच घावन आणि लाल चटणी दिली होतीत. खंड्याला न्यायचं ह्यांच्या मनात. म्हणे, कुत्रा आहे, रोज नरेंद्र डोंगरावर फिरतो, त्याला रान काय नवीन! बरं, नेला. तर घाटात पुढे कोणाची गाडी? वरच्या घरातल्यांचा जावई, आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेला तो त्यांचा हस्की. काकी, बर्फातलं जनावर हो ते. इथे सावंतवाडीत त्याच्या खोलीला एसी, आणि सासरे बिचारे पंख्याखाली. यंदाचं विजेचं बिल बघून त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीतच असेल. नाही? मग नंतर सांगते.

तर हे जावईबापू गाडीतून उतरले. कुत्र्याच्या छातीला पट्टे, पाठीला पट्टे, आणि दहा मीटरची दोरी स्वतःच्या कमरेला बांधलेली. पाठीवरच्या पिशवीत कुत्र्यासाठी दोन बाटल्या पाणी आणि रबराची घडी होणारी वाटी. मी ह्यांना म्हटलं, हे फिरायला निघालेत की विमानातून उडी मारायला? आपला खंड्या एका सुंभाच्या दोरीत आलेला. नाव बघा खंड्या, तो पक्षी कसा पाण्यात सूर मारतो, आणि आमचा हा व्हाळात पाय बुडला तरी कण्हतो.

हिरण्यकेशीच्या देवळाकडे नाही हो नेलं. तिथल्या कुंडात तो मासा आहे ना, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला, २०२० साली जगापुढे आला तो. माशाला नावही हिरण्यकेशीचंच दिलं. पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. जागा ती केवढी, जेमतेम दोन हेक्टर. तिथे कुत्रं डुंबायला सोडायचं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात आंघोळ करण्यासारखं. आम्ही आपले खालच्या अंगानं, रानातून नदीकाठानं निघालो. सड्यावरनंही गेलो नाही. पहिल्या पावसात त्या कातळावरच्या डबक्यांत तो आंबोलीचा टोड अंडी घालतो. आंबोलीच्या आसपासचा तेवढा भाग सोडला तर जगात कुठे नाही म्हणतात तो, आणि कुत्र्याचे पंजे काय बघून पडतात?

वाटेत एक म्हातारा बाबा भेटला, गुरं घेऊन. खंड्याकडे बघून म्हणाला, “बाये, कुत्र्याक सोडू नको हां. ह्या वाटेर वाघ फिरता.” मी हो हो म्हटलं. बिबट्याला वाघच म्हणतात ना आपल्याकडे. आणि दहा मिनिटांत दोरी सोडली. हो, मीच सोडली, ह्यांचं नाव उगाच कशाला घेऊ! म्हटलं, गावठी कुत्रा, उघड्यावर जन्मला, ह्याला काय बांधायचं. तो हस्की कमरेला लटकतोय तेवढं पुरे.

मग ते भेकर ओरडलं. काकी, तुम्ही ऐकलंय कधी? अगदी कुत्र्यासारखं भुंकतं. खंड्याला वाटलं असेल, कोणी सोयराच बोलावतोय. कान टवकारले, शेपूट ताठ, आणि जो सुटला तो करवंदीच्या जाळीतून दिसेनासाच झाला. चाळीस मिनिटं! हे शिट्ट्या मारतायत, मी हाका मारतेय, वर पावसाची सर कोसळतेय. मला आपली ती बातमी आठवतेय. ते बिबट्यांवरचं विद्या अत्रेय यांचं काम, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठा तपासल्या, तर खाण्यात पहिला नंबर कुत्र्याचा. शेळी नाही, डुक्कर नाही, कुत्रा! धनगर उगाच नाही आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालत. बिबट्या मानच धरतो आधी.

आणि त्या वेळी जावईबापूंनी मला काय ऐकवावं? “वहिनी, १९७२ च्या कायद्यात जनावराला पळवणं, हुसकावणं हीसुद्धा शिकारच धरतात.” वर आणखी, गीरला २०१८ साली थोडक्या दिवसांत वीसेक सिंह मेले, त्यांतल्या कितीकांत डिस्टेंपरचे विषाणू निघाले म्हणे, आपल्या कुत्र्यांना होतो तोच रोग. लस न टोचलेला कुत्रा रानात सोडायचा म्हणजे रोग सोडायचा. सगळं खरं असेल. पण माझा कुत्रा हरवलेला असताना? त्या क्षणी असं वाटलं, त्याच्या कमरेची दोरी ओढून त्यालाच व्हाळात ढकलावं.

खंड्या आला शेवटी. जीभ हातभर बाहेर. कुत्र्याला घाम आपल्यासारखा अंगभर येत नाही ना, तळपायांनाच काय तो येतो, बाकी सगळी मदार धापेवर. आल्या आल्या व्हाळाच्या कडेच्या डबक्यात तोंड घातलं आणि प्यायला, प्यायला, नाकपुड्या बुडेपर्यंत प्यायला. जावईबापू ओरडले, “नको, नको, माझ्याकडे पाणी आहे!” पण मी म्हटलं, पिऊ दे हो, रानातलं पाणी म्हणजे अमृत. अमृत कसलं, आता हसू येतं. आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या गोळ्या वाटतात, त्या घरातल्या सगळ्यांनी खाल्ल्यात, आणि तरी मला सुचलं नाही. नशीब, त्याच्या वर्षाच्या लशीत लेप्टोचीही होती.

पायाला तीन जळवा निघाल्या. मीठ लावून पाडल्या. घरी येऊन पडवीत बसवून कान, काख, बोटांमधल्या बेचक्या, सगळं चाचपलं गोचिडींसाठी. त्या बाबतीत मी कडक आहे. दोडामार्गाला २०१६ साली माकडताप आला तेव्हा तुमच्या माहेरची माणसं अंगाला ते डीएमपी तेल चोपडून काजूत जायची, तुम्हीच सांगितलंत. आता पावसात तेवढं भय नाही, पण थंडी सुरू झाली की मी काजूच्या बागेच्या बाजूला खंड्याला फिरकू देत नाही. एवढं सगळं करणारी मी, आणि नाकात काय आहे ते बघितलं नाही.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, काही दिसेना. म्हणाले, काटा गेला असेल, दोन दिवस वाट बघू. गुरुवारी संध्याकाळी मी फाटकाशी उभी, तर जावईबापू हस्कीला घेऊन चाललेले. खंड्यानं शिंक दिली. ते थबकले. “डाव्याच नाकातनं रक्त येतंय का? आणि त्या डबक्यात प्यायला होता ना?” म्हटलं, हो. “तीनेक तास पाणी देऊ नका. मी येतो.”

आले. बरोबर चिमटा, एक जुना रुमाल, आणि आमच्याच स्वयंपाकघरातली आमटीची वाटी मागून घेतली. तीत गार पाणी. ह्यांनी खंड्याचं डोकं धरलं, जावईबापूंनी वाटी नाकाखाली आणली, टेकवली नाही, नुसती खाली धरली. आम्ही सगळे गप्प. मिनिटभर काही नाही. मग नाकपुडीच्या काठाशी काहीतरी काळपट, ओलं, लवलवलं आणि परत आत. मी किंचाळणार होते, ह्यांनी डोळे वटारले. पुन्हा आलं, ह्या वेळी बोटाच्या पेरापेक्षा जास्त, पाण्याकडे मान लांबवून. ओढून तोडायचं नाही म्हणे, तोंड आतच राहतं. चिमट्यानं धरून हळू, नुसता ताण देऊन थांबायचं, ती आपणहून सोडेपर्यंत. मी घड्याळ बघत नव्हते, पण वरच्या घरातली रात्रीच्या बातम्यांची धून सुरू होऊन संपली. आणि मग टपकन रुमालात. करंगळीएवढी जाड झालेली, आमच्या घरचं रक्त पिऊन! दहा दिवस बिनभाड्यानं राहिली हो.

खंड्यानं एक मोठी शिंक दिली आणि वाटीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

आणि जावईबापूंनी काय म्हणावं, बघा. शांतपणे रुमाल घडी करत म्हणाले, “आमच्या ब्रूनोच्या नाकात गेल्या वर्षी गेली होती, तेव्हापासून ती रबराची वाटी बाळगतो.” आता ह्याला काय बोलायचं! मी त्यांच्या हस्कीला हसत होते ते सगळ्या आळीत गेलंय. तुमच्याकडूनच गेलंय काकी, नाही म्हणू नका.

त्या एसीच्या बिलाचं राहिलंच की. सासऱ्यांनी मीटरवर... श्श! आला बघा. काय जावईबापू, आज लवकर निघालात? खंड्या ना, एकदम ठणठणीत! काकींना आत्ता तुमचंच कौतुक सांगत होते.