बाटलीचे तीर्थाटन

श्रावणी सोमवारी भीमाशंकरला माणसं दर्शन घेऊन माघारी फिरतात आणि त्यांच्या बाटल्या पुढच्या यात्रेला निघतात. माणसाचं एका ज्योतिर्लिंगावर भागतं. बाटलीला बंगालचा उपसागर गाठायचा असतो.

पुराण सांगतं, त्रिपुरासुराला मारून दमलेल्या शंकराच्या घामातून इथे भीमा निघाली. त्यानंतर या नदीसाठी कुणी घाम गाळल्याचं ऐकिवात नाही.

मंदिराच्या पायऱ्या उतरताना जरा कडेला पाहा. रांगेतच फाटलेला पातळ रेनकोट कारवीला लटकलेला असतो, खाली वेफर्सचं पाकीट, गुटख्याची पुडी, पातळ पिशवी. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि पिशवी २०१८ पासून, तेव्हा हा आपला दृष्टिभ्रमच समजायचा. जंगलाला १९८५ साली अभयारण्य केलं, शेकरूला राज्यप्राणी केलं. राज्याचा कचरा त्याच्या झाडाखाली आला, तर तो मानाचाच भाग म्हणायचा.

पावसाचा लोंढा आला की बाटली भीमेतून भोरगिरीकडे उतरते. चासकमानच्या धरणात मुक्काम पडतो. दरवाजे उघडले तर पुढे तुळापूर. तिथं आळंदीचा फेस घेऊन इंद्रायणी भेटते, आणखी खाली पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा. मग उजनीचं हिरवं पाणी, आणि पंढरपूर. तिथं भीमेची चंद्रभागा होते. तिच्या स्वच्छतेसाठी सरकारनं २०१६ साली ‘नमामि चंद्रभागा’ काढलं. नमस्कार चोख झाला. बाटली तुकडे तुकडे होत रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि आंध्रात समुद्राला.

पश्चिम किनाऱ्यानं वाईट वाटून घेऊ नये. भीमाशंकरच्याच नागफणी कड्यावरून कोकणाच्या अंगाला भिरकावलेली बाटली खांडस करत उल्हास नदीतून वसईच्या खाडीला जाऊ शकते. एकाच डोंगरावरून दोन्ही समुद्रांना समान न्याय! एवढं समन्यायी पाणीवाटप आपल्या कुठल्याही लवादाला जमलेलं नाही.

आता दोष कुणाचा? पंढरपूर उजनीकडे बोट दाखवतं, उजनी पुण्याकडे, पुणं पिंपरी-चिंचवडकडे. भीमाशंकरची पंचाईत अशी की त्याच्या वर फक्त शंकर! आणि त्याच्यावर ढकलायलाही आपण कमी करणार नाही, सगळी त्याचीच इच्छा म्हणू.

खरं सांगायचं तर भीमेचं कंबरडं मोडलं ते शहरांच्या सांडपाण्यानं. डोंगरावरच्या बाटल्या त्यापुढे किरकोळ. पण सांडपाण्याला प्रकल्प लागतो, निधी लागतो, उद्घाटनाला मंत्री लागतो. बाटलीला फक्त एक पिशवी लागते, आणि ती उचलून खांद्याला लावणारा भक्त. तो अजून रांगेत आहे.

तेव्हा यंदा जाणार असाल तर पाणी घरच्या बाटलीत न्या, छत्री न्या, आणि जे वर न्याल ते सगळं घरी परत आणा. घंटागाडी तुमच्या दारात येते, शेकरूच्या झाडाखाली येत नाही.