सुरिनदर्शन : नवशिक्यांसाठी सहा सोपे पाठ

पाठ १ : पत्ता. सुरिन प्रांत थायलंडच्या ईशान्येला, कंबोडियाला चिकटून आहे. तिथे समुद्र नाही. हे शेजाऱ्यांना निघण्याआधीच सांगून ठेवावं, म्हणजे परतल्यावर बीचचे फोटो मागत नाहीत. बँकॉकहून रात्रीची रेल्वे धरावी. सुमारे सव्वाचारशे किलोमीटर झोपून काढले की पहाटे सुरिन.

पाठ २ : भाषा. थाईत हत्तीला ‘छांग’ म्हणतात आणि कारागिरालाही ‘छांग’च. फरक फक्त सुराचा. तुम्ही विणकराची चौकशी कराल आणि लोक हत्तीकडे बोट दाखवतील. हे घोटून झालं की कळतं, इथे अनेक घरांत बोलतात ती ख्मेर, आणि हत्तीवाले बोलतात ती कुई.

पाठ ३ : पंगत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी हत्तींचा मेळा भरतो, १९६० पासून. आदल्या दिवशी रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून हत्तींना जेवण : ऊस, केळी, अननस, कलिंगडं. वाढायला पुढे व्हावं, पण ‘अजून एक घ्याच’ म्हणू नये. हे पाहुणे लाजत नाहीत.

पाठ ४ : हत्तीचं घर. बान ता क्लांग हे कुई लोकांचं गाव. त्यांचे पूर्वज रानातून हत्ती धरून आणत. त्यासाठीचा म्हशीच्या कातड्याचा दोरखंड आजही पूजला जातो. तो हातात घेऊन सेल्फी काढू नये. पाठीवर बसायचा हट्टही सोडावा. हत्तीसोबत चालत जाण्यात कमीपणा नाही.

पाठ ५ : खरेदी आणि पोट. था सवांग गावात एका मागावर चौघं बसून दिवसाकाठी काही सेंटीमीटरच जरीचं रेशीम विणतात. तिथे ‘शेवटचं काय द्यायचं?’ विचारायचा मोह गिळावा. शाकाहाऱ्यांनी मात्र पपईच्या सॅलडपासून जपावं, आंबवलेली मासळी त्यात बहुधा असतेच. ‘जे’ हा शब्द पाठ करावा : तो उच्चारला की मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही वगळतात.

पाठ ६ : देऊळ. सीमेवरचं ता मुएन थोम तूर्त यादीतून काढा. जुलै २०२५ मध्ये तिथे थाई आणि कंबोडियन सैन्यं भिडली. त्याऐवजी सिखोराफुम गाठा. विटांचे पाच मनोरे, बाराव्या शतकातले. दारावरच्या दगडी पट्टीत दहा हातांचा शिव नाचतोय, खाली ब्रह्मा, विष्णू, उमा आणि गणपती. इथे मराठी माणसाच्या तोंडून हमखास निघतं, ‘अरे, हे तर आपलंच!’ जरा थांबावं. घडवलं ख्मेर कारागिरांनी, पुढे पूजा केली बौद्धांनी, तिकीट फाडतं थाई सरकार. आपण फक्त ओळखीचे.