टाच बाहेर!

दाजी कुणालाही भेटले की आधी त्याच्या पायांकडे बघतात. नरसीत हे शोभून दिसतं. नामदेव महाराजांचं गाव, वारकऱ्यांची कायम ये-जा; तिथं समोरच्याच्या पायांवर नजर लावून उभा असलेला माणूस विनम्रच वाटणार. नवखा पाहुणा अवघडून हात जोडतो. मग दाजी तोंड उघडतात : "चालताना तुमचा डावा पाय बाहेर पडतो. तुम्हाला पिवळी लागेल."

पिवळी म्हणजे क्लिट. वेगानं सायकल हाणणाऱ्यांच्या बुटाच्या तळाला ही पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. ती पायडलात खटकन अडकते आणि पाय सायकलला जखडला जातो. सुटायचं असेल तर टाच बाहेर फिरवायची, एवढंच. या 'एवढंच'वर दाजी दोन तास बोलू शकतात, आणि बोलतात. "सर, कोणतं पायडल चांगलं?" असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं : "ते तुमच्या पायावर आहे." विचारणाऱ्याला वाटतं, विषय संपला. खरं तर आत्ता कुठं सुरू झालेला असतो.

दाजी हिंगोलीला शाळेत गणित शिकवतात. नरसीहून हिंगोली अठरा-वीस किलोमीटर, जाणं-येणं सायकलवर. फळ्यावर कोन काढायचा मोठा लाकडी कोनमापक बहुतेक वेळा त्यांच्या घरीच असतो. ओसरीवर पाहुण्याला उभं करून त्याच्या पावलांचा कोन मोजणं हा त्यांचा पाहुणचार. चहा नंतर.

मागे भाचीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा नोकरीला, घरी शेती, हळदीचं उत्पन्न चांगलं. परतताना ताईनं विचारलं, "अहो, कसा वाटला मुलगा?"

"शून्य अंशाचा आहे. पावलं अगदी सरळ. लाल चालेल."

"काय लाल?"

"शिमानोची. लुकची लाल नको."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. पण दाजींचं बोलणं अचूक होतं. शिमानोच्या रस्त्यावरच्या पायडलांत लाल क्लिट म्हणजे शून्य अंश, टाच जरासुद्धा हलणार नाही. निळीत २ अंश, पिवळीत ६. लुक किओची भाषा वेगळी. तिथं काळी शून्याची, राखाडी साडेचारची आणि लाल चक्क ९ अंशांची. म्हणजे एकच लाल रंग शिमानोच्या घरी सासुरवास आणि लुकच्या घरी माहेरपण. टाच अजिबात हलू दिली नाही आणि पट्टी जरा तिरकी बसली, तर गुडघा बोलायला लागतो. म्हणून दाजी आधी गुडघ्याचं ऐकतात, मग ताईचं.

त्यांची कथा नेहमी फ्रान्सपासून सुरू होते. लुक कंपनी बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना बूट अडकवायचे खटके बनवायची. माणूस पडला की खटका आपोआप सुटायचा, पाय वाचायचा. १९८४ साली कंपनीनं तीच युक्ती सायकलच्या पायडलात आणली. लगेच १९८५ मध्ये बर्नार इनोनं ती पायडलं लावून टूर द फ्रान्स मारली आणि चामडी पट्ट्यांनी पाय बांधायचे दिवस भरले. १९८८ ला पेद्रो देल्गादो तीच शर्यत जिंकला तो टाइम कंपनीच्या पायडलांवर. १९९० ला शिमानोची एसपीडी आली, चिखलातल्या सायकलींसाठी. ही बर्फाची कथा मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात नरसीच्या फाट्यावर ऐकावी लागते. हॉटेलवाला तोवर दुसरा चहा टाकतो. पैसे दाजी देतात, म्हणून श्रोते टिकून आहेत.

एकदा पारावरच्या एका आजोबांनी मध्येच विचारलं, "सर, नामदेव महाराज पार पंजाबात घुमानला गेले. ते कंच्या पायडलावर गेले?"

दाजी हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "पायी जाणाऱ्याला क्लिटचा प्रश्न नसतो, आबा." पण २०२२ साली पंढरपूरहून घुमानला दोन हजारांवर किलोमीटरची सायकल यात्रा निघाली, तेव्हा बातम्यांतले फोटो मोबाइलवर मोठे करून करून हा माणूस फक्त पाय बघत बसला होता. पालखीचा रथ फोटोत होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

गेली काही वर्षं दाजी स्पीडप्लेच्या मोहात होते. चपटं, गोल, दोन्ही बाजूंनी अडकणारं पायडल, आणि टाचेला १५ अंशांपर्यंत मोकळीक. कागदावर याला तोड नाही. पण कागदावर हिंगोली जिल्ह्याची काळी माती नसते. पाऊस पडला की ती माती बुटाला अशी धरते की क्लिट कुठली आणि तळवा कुठला कळत नाही. कयाधूच्या पुलापलीकडे दाजी एका पायावर उभे राहून बाभळीच्या काट्यानं क्लिट कोरत असलेले गावानं पाहिलेत. सोयाबीनकडे चाललेल्या बाया विचारायच्या, "सर, काटा काढायलेत का घालायलेत?"

पडणं हा या पंथातला संस्कार आहे. वेगात कुणी पडत नाही, थांबल्यावर पडतात. पाय अडकलेला असतो, टाच फिरवायचं सुचत नाही आणि माणूस उभ्या सायकलसकट सावकाश आडवा होतो. आषाढीला पंढरी केलेले वारकरी पुढच्या एकादशीला परतवारीसाठी नरसीत येतात, रस्ता माणसांनी फुलून जातो. त्या गर्दीत, देवळाच्या तोंडाशी, नवी पायडलं लावलेले दाजी थांबले आणि आडवे झाले. लोकांना वाटलं, लोटांगण घातलं. चार जणांनी हात जोडले. एक म्हातारी माउली मात्र कळवळून म्हणाली, "बाबा, देवापुढं लोटांगण घालताना जोडे तरी काढावं."

त्यावर ताईचं भाष्य : "औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरलं म्हणतात. तुमच्यासाठी पायडल फिरायचं नाही. टाच तुम्हीच फिरवा."

नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. हल्ली कुत्री दाजींच्या मागे धावतात आणि दाजींचे दोन्ही पाय अडकलेले असतात. अशा वेळी लाथ मारता येत नाही, त्यामुळे भूतदया आपोआप पाळली जाते.

या बुटांचा एक फायदा मात्र मान्य करावा लागतो. देवळाबाहेरून कितीतरी जणांच्या चपला गेल्या, दाजींचे बूट कधी गेले नाहीत. तीन स्क्रूंच्या क्लिटचा प्लास्टिकचा उंचवटा तळव्याबाहेर येतो. फरशीवर चालायचं तर टाचांवर चालावं लागतं. चोर चार पावलं टाकतो आणि बूट जागेवर ठेवून जातो.

घरात माणसं चार आणि पायडलं अकरा. जोडीनं येणारी वस्तू विषम कशी झाली, हे गणिताच्या सरांनाही सांगता येत नाही. शंकरपाळ्यांच्या डब्यात पिवळ्या क्लिट असतात. दिवाळीत एका व्याह्यांनी हात घालून उचलली आणि सभ्यपणानं परत ठेवली. पंधरा नंबरचा पाना देवघराच्या कोनाड्यात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे विसरून गावातल्या मिस्त्रीनं एकदा आटे घसरवले, तेव्हापासून पाना दुसऱ्याच्या हाती जात नाही.

पण पायडलं जातात. दर वेळी नवी जोडी आली की जुनी कुठल्या तरी पोराच्या सायकलला लागते. पैशाचं नाव काढायचं नाही, अट एकच : हेल्मेट हवं, नसलं तर तेही दाजीच आणून देतात. संध्याकाळी शाळेच्या भिंतीशी पोराला टेकवून उभं करायचं, सीट एका हातानं धरायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं, "टाच बाहेर! टाच बाहेर!" पोर पडायला लागलं की आधी खाली दाजी असतात. कोपर सोलवटलेले गणिताचे सर वर्गात जातात आणि फळ्यावर कोन काढतात. त्यांच्या हाताखालची दोन-तीन पोरं आता दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, उतरतात. साडेतेरा तासांची मुदत असते. दाजी त्या दिवशी फोन हातातून ठेवत नाहीत. पोरगं पोचल्याचं कळलं की पहिला प्रश्न : "पायाला मुंग्या आल्या का?"

तेव्हा तुमच्याकडेही कुणी दाजी असतील तर चेष्टा जपून करा. आणि पहिलीच जोडी घ्यायची असेल, तर सरळ दोन स्क्रूंची एसपीडी घ्या. क्लिट छोटी, लोखंडी, तळव्यात दबलेली. चहाच्या टपरीवर चालता येतं, काळी मातीही निघते. खटक्याचा ताण सगळ्यात सैल ठेवा आणि थांबायच्या दहा हात आधी टाच बाहेर काढा. तीन स्क्रूंची चैन नंतर. हे सगळं मी दाजींना विचारलं होतं. त्यांनी दोन तास घेतले आणि शेवटी म्हणाले, ते तुमच्या पायावर आहे.